धुळाचं मडकं कोण धरणार

सेहेचाळीस साली दिवाळी झाली आणि वाकणवाडीत एकदम शूरवीरांचा सुकाळ आला. कारण होतं 'लढवय्ये वंशज मंडळ'. चौदा सालच्या लढाईला माणदेशातल्या या गावातून बरीच माणसं गेली होती. त्यांच्या पोरानातवंडांनी मंडळ काढलं आणि चावडीपुढं त्यांच्या नावांची शिळा उभी करायचं ठरवलं. नावं मागवली, तर पंधरवड्यात एकशे चार जमली. त्या वेळी गावात तेवढे गडी तरी होते का, याचीच शंका. एकाचा आजा पलटणीला निरोप द्यायला मिरज जंक्शनापर्यंत गेला होता, तेवढ्यावर त्याचंही नाव आलेलं.

मंडळाचे अध्यक्ष शाळेचे चिंतामण मास्तर. माणूस वाईचा, नियम करण्यात भारी हौस. त्यांनी चौथं कलम घातलं : ज्याचा वंशज बिरोबाचा भंडारा हातात घेऊन शपथेवर सांगेल, त्याच शिपायाचं नाव शिळेवर. शिपाई झटक्यात तेवीसवर आले.

तेविसांत तात्याबा गोरड होता, आणि तो जिवंत होता. शिळेपुढं मान वंशजांचा असल्यामुळं ही मंडळाची जरा पंचाईतच होती. पण त्याचा मुलगा दादासो मंडळाचा चिटणीस, म्हणून ते निभावून गेलं. तात्याबाला स्वतःच्या नावाचं काही नव्हतं. त्यानं दादासोकडून यादी वाचून घेतली आणि विचारलं,

"ह्यात धुळा कुठाय?"

"कोण धुळा?"

"शिंगाड्यांचा. खेचरांच्या पलटणीत माज्यासंगं हुता. बसऱ्याला जाताना बोटीवरच पटकीनं गेला. तितंच दर्यात सोडला त्येला."

"आबा, त्येचं हाय कोण गावात?"

"कोण न्हाई. आईबाप न्हवतं, लगीन न्हवतं. चुलता मेंढरं घिऊन कोकणात उतरला, त्यो परत आलाच न्हाई."

"मंग संपलं. वंशज न्हाई तर नाव न्हाई."

"लगनाआदी मेला ही त्येची चूक व्हय रं?"

"आवं, कलम म्या केलंय का?"

 पलटणीत गेला तेव्हा धुळा एकोणीस वर्षांचा होता, बुजरा, मेंढरांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा. त्याला भरतीला नेलं होतं ते तात्याबानंच. आपल्याला एकट्याला कंटाळा येईल म्हणून. ही गोष्ट तीस वर्षांत त्यानं फक्त बायकोला, हरणाबाईला सांगितली होती. तिनं ती कुणाला सांगितली नाही, पण भांडणात एकदोनदा काढली होती. आता शिळा उभी राहिली की गावच्या लेखी धुळा कधी जन्मलाच नाही असं होणार होतं.

तो मास्तरांकडं गेला. मास्तर वह्या तपासत होते.

"तात्याबा, तुमची भावना कळते मला. पण वारस पाहिजे."

"वारस म्हंजी नेमका कोण, मास्तर?"

"मृताचं क्रियाकर्म करतो तो," मास्तर मान वर न करता म्हणाले आणि एका पोराच्या गणितावर लाल फुली मारली.

सोमवारी सकाळी तात्याबा माणगंगेच्या काठी गेला. सोबत दर्भाचा पुतळा, मडकं आणि ज्ञानू न्हावी. ज्ञानूनं वस्तरा परजला आणि हात आखडला.

"तुजा बा मरून ईस वर्सं झाली की गड्या. मिशी कुनासाटी उतरू?"

"धुळासाटी."

"त्यो तर तुज्यापक्षा ल्हान!"

"मेल्यावं वय इचारत्यात व्हय? चालीव वस्तरा."

मिशी बाप गेल्यावर परत राखलेली, वीस वर्षांची होती. दोन्ही टोकं गालावर चढायची. ती आणि डोकं पाच मिनिटांत साफ झालं. तात्याबानं मडकं धरलं, पुतळ्याला अग्नी दिला, बोंब ठोकली आणि घरी आला. दारात त्याला बघून हरणाबाईच्या हातातली घागर घसरली.

"आगं बया! आवं, कोण गेलं?"

"धुळा."

"कवा?"

"सोळा साली."

 हरणाबाईनं आत जाऊन चुलीवर पाणी ओतलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. दुपारी शेजारच्या राहीबाईनं पिठलं-भाकरी आणून दिली. कोण गेलं हे तिला नीट कळलं नव्हतं, पण रडली मात्र चांगली.

दहावं झाल्यावर मंडळाची बैठक भरली. तात्याबा तुळतुळीत डोक्यानं जाऊन पुढं बसला.

"धुळा शिंगाड्याचा वारस आलाय. भंडारा आना."

दादासो उठलाच. "आबा, गाव हसतंय! एकुनीस वर्सांच्या पोराचं तुमी पोर कसं?"

"तुजा थोरला चुलता बिनपोराचा मेला. त्येचं वड्याकडचं रान कोण कसतंय?"

"मी."

"तू त्येच्या पोटचा का?"

"न्हाई... पर मडकं म्या धरलं हुतं. मिशी म्या काढली हुती."

"मंग?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. दादासो मास्तरांकडं बघायला लागला. मास्तरांनी कलम चार दोनदा वाचलं. वंशज म्हणजे कोण, हे लिहायचं राहूनच गेलं होतं. चष्मा पुसत ते म्हणाले, "क्रिया झालेली आहे. नाकारता येणार नाही." तात्याबानं भंडारा उचलून शपथ घेतली आणि दादासोला ते वहीत लिहावं लागलं : सभासद तात्याबा गोरड, मृताशी नातं मुलगा. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते.

माघात शिळा बसली. एकेक नाव पुकारलं जायचं, त्याचा वंशज पुढं होऊन फूल वाहायचा. तात्याबाचं नाव आलं तेव्हा दादासो गेला, आणि तात्याबानं स्वतःच्या नावाला वाहिलेलं फूल रांगेतून परक्यासारखं पाहिलं. चोविसावं, सगळ्यांत खालचं नाव धुळा शिंगाडे. तात्याबा वाकून फूल ठेवून आला. टाचा जुळवून उभा राहिला.

मग त्यानं वळून दादासोला खुणावलं.

"मी कशाला?" दादासो पुटपुटला.

"आजा झाला की रं तुजा. पाया पड."

सगळं गाव बघत होतं. तेहतीस वर्षांच्या दादासोनं टोपी सारखी केली, पुढं गेला आणि त्या एकोणीस वर्षांच्या आज्यापुढं वाकला.