खाली पाहण्याचे दिवस

मला प्रकाश दिसू लागला तेव्हा ती गोष्ट मी बायकोपासून लपवून ठेवली. सकाळी ध्यानाला डोळे मिटून बसलो की उजव्या बाजूला चांदीची तार लखलखावी तशी एक रेघ उमटायची आणि लगेच विझायची. सुनंदाला सांगितलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, "डोळ्यात काही गेलं का?" मला तो प्रश्न नको होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता दारात येऊन उभं आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचे सुटे भाग तपासतो. माप चुकलं की माल परत, एवढा सरळ हिशोब. पण दर रविवारी रावेतला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वेदान्ताचा वर्ग भरतो, आणि तिथे मी आयुष्याचं माप घ्यायला बसायचो. दिसतं ते खरं कशावरून, आणि हे सगळं पाहणारा तो कोण, या प्रश्नांनी मला खरोखर झपाटलं होतं. अंधारात दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दृष्टांत नव्याने येणाऱ्यांना मीच समजावून सांगायचो, आणि चांगला सांगायचो. वर्ग चालवणाऱ्या देशमुखकाकांना मी त्या प्रकाशाबद्दल हळूच सांगितलं. ते म्हणाले, "होतं असं काहींना. पण त्याच्या फार मागे लागू नका." त्यातलं पहिलं वाक्य तेवढं मी घरी घेऊन आलो.

सुनंदाची भक्ती अगदी साधी. संकष्टीला चिंचवडच्या गणपतीला जायचं, दूर्वांची जुडी वाहायची, नदीकाठी थोडं बसायचं आणि चंद्र दिसला की जेवायचं. मी तिला हसून म्हणायचो, "अजून मूर्तीतच अडकलीस तू." ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून." या बोलण्यात किती समंजसपणा होता ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी खरंच पुढे गेलो आहे, असंच मला वाटायचं.

मग काळे ठिपके तरंगू लागले, आणि त्यांच्यामागून उजवीकडून एक सावली सरकत आली. खिडकीचा पडदा कोणी हळूहळू ओढून घ्यावा तशी. दाराला खांदा आपटू लागला. सुनंदाने दोनदा विचारलं, "अहो, काय होतंय तुम्हाला?" मी दोन्ही वेळा "लक्ष नव्हतं" म्हणून सुटलो. खरं सांगायचं तर आत कुठेतरी भीती बसली होती. माझा डावा डोळा जन्मापासून आळशी, त्याने धूसरच दिसतं. सगळी भिस्त उजव्यावर. त्याचं काही बिघडलं असेल हे मान्य केलं तर तो प्रकाशही गेला, आणि त्याच्या जोरावर मी स्वतःला जे समजत होतो तेही गेलं. म्हणून सावलीलासुद्धा मी साधनेचाच भाग ठरवून टाकलं. जग पुसलं जातंय, चांगलंच आहे, असं मनाला सांगत राहिलो.

कंपनीची बस मला भोसरीत सोडते. एका संध्याकाळी उतरून रस्ता ओलांडायला लागलो. उजवीकडे पाहिलं होतं, रस्ता मोकळा होता. दोन पावलं टाकली असतील तोच मागून कोणीतरी माझी खांद्यावरची पिशवी इतक्या जोरात ओढली की तिचा बंद तटकन तुटला आणि मी बसकण मारली. नाकासमोरून टेम्पो गेला. मागे भाजी विकणारी एक म्हातारी उभी होती, एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी.

"हत्तीयेवढा टेम्पो! दिसत न्हाई व्हय?" ती कडाडली.

रस्त्यावर अशा प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. माणूस खजील होऊन कपडे झटकतो आणि चालू लागतो. पण माझ्या तोंडून आलं, "नाही हो आजी. नाही दिसत."

कित्येक दिवसांत मी उच्चारलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. ते ऐकून तिचा आवाजच बदलला. तिने मला टोमॅटोच्या क्रेटवर बसवलं, पाणी दिलं. "घरी कोन हाय? लाव फोन. आन् खरं सांग तिला, न्हाई तर मी सांगते." मी फोन लावला. सुनंदा रिक्षा करून आली तोवर आजीने मला उठू दिलं नाही. गिऱ्हाइकांना मेथी देता देता मधूनच माझ्याकडे बघून म्हणायची, "बस की गप. कुठं निगालास?"

चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि विचारलं, "आधी वीज चमकल्यासारखं दिसत होतं?" मी हो म्हणालो. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत चालला होता. तो सुटताना ओढला जातो, तेव्हा तसा उजेड दिसतो. म्हणजे मी ज्याला परमार्थ समजून हात जोडत होतो, ती माझ्याच डोळ्याची हाक होती. दोरीला साप समजणाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसाची ही गत. "उशीर झालाय," त्या म्हणाल्या, "ऑपरेशन करू. किती दिसेल ते आत्ता सांगता येणार नाही."

ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा फुगा भरला. फुगा वर चढतो, म्हणून तोंड सतत खाली ठेवायचं, म्हणजे तो पडद्याला मागे दाबून धरतो. बसताना खाली, जेवताना खाली, झोपतानाही खाली. मान वर केली तर केलेलं सगळं वाया. भोसरीत आमच्या ओळखीचे शफीकभाई ट्रक दुरुस्त करतात. त्यांनी लोखंडी पलंगाच्या डोक्याकडे चेहऱ्याएवढी गोल जागा कापून, कडेला जुन्या सीटचा स्पंज लावून दिला. "राव, बायकोसमोर मान खाली घालायची सवय होईल तुम्हाला," ते जाताना म्हणाले, आणि सुनंदा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

त्या गोल भोकातून मला फरशीचा एक तुकडा दिसायचा, आणि त्या तुकड्यावर येणारे-जाणारे पाय. उजव्या डोळ्यात नुसतं हलतं पाणी होतं. ज्या डाव्याला मी जन्मभर निकामी म्हणत आलो तोच आता कामाला लागला होता. देशमुखकाका भेटायला आले, तर त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. ते म्हणाले, "मीच डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं." मी म्हणालो, "तुम्ही मागे लागू नका म्हणाला होतात. मीच ऐकलं नाही." पण दिवसभरात सर्वांत जास्त दिसायचे ते सुनंदाचे पाय. टाचांना भेगा, झिजलेली जोडवी, उजव्या पायाच्या करंगळीवर भाजल्याचा डाग. ते पाय स्वयंपाकघरातून माझ्याकडे आणि माझ्याकडून स्वयंपाकघराकडे किती खेपा घालतात ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. ज्या देवाला मी दाही दिशांना शोधत होतो त्याचे पाय असे माझ्याच घरात चालत असतील, असं मनात आलं आणि मी ते झटकलं नाही.

संकष्टी आली. तिला जाता येणार नव्हतं, डोळ्यात औषध घालायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "माझ्यामुळे तुझा नेम मोडला." ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात जाईन. तो काय पळून जातोय?"

त्या दुपारी काय मनात आलं कोण जाणे, तिने फरशीवर चटई टाकली आणि शफीकभाई ट्रकखाली शिरतात तशी ती माझ्या पलंगाखाली शिरली. उताणी झोपून तिने भोकाखाली तोंड आणलं. "पाय बघून कंटाळला असाल," ती म्हणाली. तिचा चेहरा वीतभर अंतरावर होता. मग मी तिला सगळं सांगितलं. तो प्रकाश, ती लपवाछपवी, माझा ताठा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलाय. मी शेजारी येऊन बसले तरी माझ्याकडे बघायचा नाहीत."

ती नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसते. सावलीने सगळ्यात आधी तिलाच झाकलं होतं, आणि मी त्याला जग पुसलं जाणं म्हणत होतो. मला रडू आवरेना. तोंड खाली असल्यामुळे आसवं सरळ तिच्या चेहऱ्यावर पडू लागली.

"अहो, माझ्या डोळ्यात कशाला थेंब घालताय? ऑपरेशन तुमचं झालंय," ती म्हणाली, पण बाजूला सरकली नाही.

त्या क्षणी मी देवाला एवढंच म्हणालो की, आता किती दाखवायचं ते तू ठरव. त्यानंतर डोळ्याची काळजी वाटली नाही असं नाही, पण ती एकट्याने वाहायची उरली नाही.

फुगा विरत गेला. रोज पाण्याची एक रेषा खाली खाली उतरायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फुगा असतो वर, आपल्याला दिसतो खाली. नजर परत आली, पण जशी होती तशी नाही. सरळ रेघा मध्येच वाकतात. दाराची चौकट मला पाण्यात हलल्यासारखी दिसते. मग मी तिच्यावरून तळहात फिरवतो, हाताला ती सरळ लागते, आणि मी हाताचं ऐकतो. कंपनीत आता बारीक मापाचं काम दुसऱ्याकडे दिलं आहे. वर्गाला अजून जातो, पण समजावून सांगायला उठत नाही.

भोसरीतल्या आजीला शोधायला गेलो, तर ती त्याच जागी मेथी विकत बसली होती. मी वाकून पाया पडलो. ती म्हणाली, "पिशवीचा बंद शिवलास का?" मी म्हणालो, शिवला. "मग झालं तर," ती म्हणाली आणि दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या.

पुढच्या संकष्टीला मी सुनंदाबरोबर चिंचवडला गेलो. मूर्तीही मला किंचित वाकडी दिसली. पण हात आपोआप जोडले गेले आणि देव लहान वाटला नाही, मीही मोठा वाटलो नाही. दर्शन घेऊन आम्ही नदीकाठी बसलो. ती माझ्या उजव्या बाजूला. मी वळून तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझं नाक मला वाकडं दिसतंय."

"ते आहेच वाकडं," ती म्हणाली. "लहानपणी ओसरीवरून पडले होते. इतक्या वर्षांत तुम्ही पाहिलंच नाहीत."

मी हळूच तिच्या नाकावरून बोट फिरवलं. खरंच वाकडं होतं.