सुवर्णाचा हिरवा बोर्ड

सुवर्णा आमच्या ऑफिसात आली तेव्हा मला ती मुळीच आवडली नव्हती. फार व्यवस्थित मुलगी. डबा उघडायच्या आधी टेबल पुसणार. कुणी तिची खुर्ची घेतली तर तोंडातून शब्द काढणार नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहणार. अशा माणसांचा मला राग येतो. पुढे माझी गट्टी जमली ती तिच्याशीच, आणि आज तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

आमचं ऑफिस बेळगावच्या उद्यमबागेत, बेअरिंगच्या एका दुकानावर. मागे फाउंड्री, त्यामुळे खिडकी उघडली की धूळ आणि बंद केली की उकाडा. तिथे बसून आम्ही लोकांच्या वेबसाइटी राखतो. शाळा, दवाखाने, साड्यांची दुकानं. कुणाची साइट उघडायला किती वेळ लागतो, कुठलं पान मध्येच अडकतं, किती जणांना आत शिरताच येत नाही, हे सगळं एका पडद्यावर दिसतं. त्याचं नाव डॅशबोर्ड, आम्ही नुसतं बोर्ड म्हणतो. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे साइट रेंगाळतेय, लाल म्हणजे हातातला चहा ठेवा आणि धावा.

सुवर्णा इथल्याच वडगावची, विणकराच्या घरातली. वडिलांचे माग घरातच, पुढच्या खोलीत. आडवा धागा तुटला की तो माग आपोआप थांबतो. म्हणून त्या घरातल्या बायका मागाची खटखट ऐकत निवांत भाकऱ्या थापतात आणि आवाज बंद झाला तरच उठतात. सुवर्णा त्यातच वाढली. आवाज चालू आहे म्हणजे कापड नीट निघतंय, हे तिच्या अंगात मुरलेलं. बोर्डही ती तशीच बघायची. लाल दिसलं की तिच्याआधी कुणी उठत नसे, आणि हिरवं असेल तर तिला जगाची फिकीर नसे.

"यंत्र खोटं बोलत न्हाय आक्का," ती मला म्हणायची. "माणसं बोलतात."

 आमच्या ऑफिसचे मालक दिग्विजय सर, त्यांच्याकडे बघता मलाही ते पटायचं.

आमच्याकडे शहरातल्या एका धर्मादाय संस्थेच्या डायलिसिस केंद्राची साइट होती. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत, त्यांचं रक्त तिथे यंत्रावर शुद्ध करून देतात. खुर्च्या मोजक्या आणि माणसं भरपूर, म्हणून संस्थेनं नियम केला होता: पाळीच्या आदल्या दिवशी साइटवर नोंद करायची. नोंद नसेल तर खुर्ची दुसऱ्याला. फोन करून सांगितलेली नोंद घेणं त्यांनी बंदच करून टाकलं होतं.

सुवर्णाच्या आत्याचे यजमान, आण्णाप्पा मामा, त्या खुर्च्यांपैकी एकीवर आठवड्यातून दोनदा बसायचे. निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर. निपाणीत जागा मिळाली नव्हती, म्हणून मालू आत्या त्यांना बसनं बेळगावला आणायची. मी त्यांना एकदाच पाहिलं. पाय सुजलेले, पण टोपी कडक इस्त्रीची. आम्हाला चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही, स्वतः मात्र घोटभरसुद्धा घेतला नाही. त्यांना पाणी मोजून प्यावं लागायचं. फोनवर साइट उघडून नोंद कशी करायची ते आत्याला सुवर्णानंच शिकवलं होतं, आणि शाळा न शिकलेली ती बाई ते काम बिनचूक करायची.

मग संस्थेच्या कमिटीनं कुरकुर सुरू केली. महिन्याच्या अहवालात साइट हळू दिसते, चुका जास्त दिसतात. बाहेरून भलतीसलती गर्दी येत होती, हे खरंच होतं. कुठल्या कुठल्या यंत्रांकडून खोट्या भेटी यायच्या. नाकानं कांदे सोलणाऱ्या दिग्विजय सरांनी त्यावर उपाय काढला. कर्नाटकाबाहेरून जो येईल त्याला आधी, माणूस आहे की यंत्र हे बघणाऱ्या, एका तपासणीच्या पानावरून जाऊ द्यायचं. आणि बोर्डावर फक्त कर्नाटक ठेवायचं.

"आपले पेशंट सगळे कर्नाटकातले," सर म्हणाले. "बाहेरच्यांचे आकडे आपल्या डोक्यावर कशाला? काढून टाक."

सुवर्णानं राज्यांच्या नावांपुढच्या खुणा एकेक करून काढल्या. महाराष्ट्राचीही काढली. बोर्ड हिरवागार झाला. कमिटी खूष, सर खूष, आणि सगळ्यांना समोसे आले.

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. जेवणाची सुट्टी होती, आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि आत्याचा आवाज एवढा मोठा की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"सुवर्णा, त्ये पान उघडंना गं. नुसतं गोल गोल फिरतंय."

सुवर्णानं मान वळवून बोर्ड पाहिला. हिरवा. स्वतःच्या फोनवर साइट उघडली. पटकन उघडली.

"आत्या, साइट चालू हाय. तुझ्याकडं रेंज नसंल. माळावर जाऊन बघ."

आत्या माळावर गेली. तिथेही चाक फिरतच राहिलं. नोंद झाली नाही, दुसऱ्या दिवशी मामांची खुर्ची दुसऱ्याला गेली आणि त्यांची पाळी चुकली.

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी आत्याचा आवाज मोठा नव्हता. मामांना झोपलं की दम लागतोय, ती म्हणाली, पायाची सूज गुडघ्याच्या वर आलीय. "आमी तसंच येतो गं बेळगावला. दारात बसतो. कोण तर घेतील की आत."

"नोंद न्हाय तर कोण घेत न्हाय आत्या. उगं मामांना बसमदनं कशाला वडत आणतीस? अगं, सगळं चालू हाय. तुझा फोन जुना झालाय." सुवर्णा चिडली नव्हती, पण तिच्या आवाजात शिकलेल्या माणसाची ती सहनशीलता होती, जी चिडण्यापेक्षा वाईट. तिनं बोर्डाचा फोटो काढून आत्याला पाठवला. बघ, सगळं हिरवं आहे.

थोड्या वेळानं फोनवर मामाच बोलले. दोन शब्दांमध्ये श्वास घेत होते.

"व्हय बाळ. तू बघतीस म्हंजे चालूच असणार. हिचंच कायतरी चुकत असंल."

त्या दिवशी दुपारभर सुवर्णाचं कामात लक्ष नव्हतं. शेवटी तिनं आत्याला फोन लावला, मामांचा केंद्रातला पेशंट नंबर विचारून घेतला आणि स्वतःच्या फोनवरून नोंद करून टाकली. तोवर उद्याच्या खुर्च्या संपल्या होत्या. परवाची मिळाली. "आता काळजी न्हाय," ती मला म्हणाली, आणि पर्स उचलून बस पकडायला गेली.

परवाचा दिवस उजाडायच्या आत आण्णाप्पा मामा गेले. छातीत पाणी भरलं होतं. निपाणीच्या दवाखान्यात नेताना रिक्षातच.

भेटायला मी सुवर्णाबरोबर गेले होते. बाहेरच्या सोप्यात पुरुष, आत बायका. आत्या भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं, आणि कुणी आलं की तेवढ्यापुरती रडत होती. सुवर्णाला पाहून मात्र तिनं तिला मांडीशी ओढून घेतलं. "पोरीनं लई केलं," ती शेजारणींना सांगू लागली. "नोंद मिळवून दिलती गं तिनं. आमचंच नशीब फुटकं."

मग कोनाड्यातला फोन काढून तिनं सुवर्णाच्या हातात दिला. "ह्यो मोडलाय न्हवं? टाकून दे. ह्येच्यापायी गेले त्ये."

सुवर्णानं साइट उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तपासणीचं पान आलं, गोल चाक फिरलं, फिरत राहिलं, आणि खाली बारीक इंग्रजीत आलं की तुम्हाला प्रवेश देता येत नाही. तिनं शेजारणीचा फोन मागितला. नवा कोरा फोन. त्यावरही तेच.

"आत्या, ह्येतलं सिम कुठलं?"

"कोल्हापूरचं की. गोकुळ शिरगावात पोरगा कामाला हाय, त्येनं घेतलं. हितं निम्म्या गल्लीचं तिकडचंच हाय."

सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं. मलाही ते तेव्हाच उमगलं. माणसं कर्नाटकात, सिम महाराष्ट्राचं, आणि यंत्र सिमवरून गाव ठरवतं. ज्या निपाणीनं महाराष्ट्रात जायचं म्हणून पिढ्यान् पिढ्या घोषणा दिल्या, ती आमच्या बोर्डावर आपसूक तिकडे गेली होती. आणि आम्ही तिला बाहेरची गर्दी म्हणून पुसून टाकली होती. ऑफिसात आम्ही सगळे सीमाभागातलेच. प्रत्येकाचे निम्मे पाहुणे कागल-कोल्हापूरचे. एकाच्याही डोक्यात हे येऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन सुवर्णानं सरांना न विचारता महाराष्ट्राची खूण पुन्हा लावली. बोर्ड लाल झाला. बोर्ड त्यांना महाराष्ट्रातलीच म्हणत होता, पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडची आमची माणसं त्या पानावर येऊन धडकत होती आणि परत जात होती. काही त्याच दिवशी पुन्हा पुन्हा आलेली दिसत होती. सरांनी घाईघाईनं तपासणीचं पान काढून टाकायला लावलं आणि म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग हे मागचं अहवालात नको."

सुवर्णानं ते अहवालात घातलं. सरांनी ते खोडलं. तिनं थेट संस्थेला पाठवलं. नोकरी गेली असती, पण संस्थेलाही बोभाटा नको होता, म्हणून सगळेच गप्प बसले. ती आजही माझ्या शेजारी बसते. टेबल पुसते. बोर्ड हिरवा असला की आता तिचा चेहरा जास्त उतरतो.

पण हे नंतरचं. त्या दिवशी, त्या घरात, तिनं आत्याला सांगायचं ठरवलं. मी नको म्हणून तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला. शेजारणी चहा करायला उठल्या तेव्हा ती आत्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं: फोन मोडलेला नव्हता, रेंज होती, तुझं काहीच चुकत नव्हतं. तुम्ही लोक मला बोर्डावर दिसतच नव्हता, कारण मीच ती खूण काढली होती.

आत्याला बोर्ड म्हणजे काय ते कळलं असेल असं मला वाटत नाही. 

"तुला दिसत न्हवतं," ती म्हणाली. "बरं. पर मी सांगत हुते की गं तुला."

 आत्यानं हात पुढे करून सुवर्णाकडून फोन काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. चहा आला, तो आम्ही तसाच ठेवला. निघताना सुवर्णा पाया पडायला वाकली, तर आत्यानं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.