धावपट्टीशेजारचं गाव आणि ताईची नेमणूक

ऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट. शाळेत आठवडाभराची रजा टाकून मी सोलापूरहून निघाले, तेव्हा आईनं एकच बजावलं, "ताई दिवाळीला आली तेव्हा फार गप्प होती. काय ते बघून ये."

नगर, संगमनेर, सिन्नर करत एस.टी.नं हाडं खिळखिळी केली. नाशिकला गाडी बदलून पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आग्रा रोडवरच्या एका फाट्यावर उतरले. रस्त्याच्या एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला कांद्याचे डोंगळे (बियाण्यासाठी राखलेली, पांढऱ्या गोंड्यांची रोपं). डोंगळ्यांपलीकडे काटेरी तार, आणि तारेआड धावपट्टी. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथल्याच विमान कारखान्यात फिटर होते.

सकाळी चहा घेताना पहिलं विमान उडालं. नुसता आवाज म्हणणं पुरेसं नाही. तो छातीतून आत शिरला. फळीवरची भांडी थरथरली, माझ्या हातातला कप सुटला आणि गरम चहा पायावर सांडला. पाळण्यातलं आठ महिन्यांचं बाळ मात्र आपल्या मुठीकडे बघत पडून होतं. त्यानं मानही वळवली नाही.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "हा दचकतच नाही. कधीच नाही."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"हे म्हणतात, पोरगा धीट आहे. भीती वाटते गं त्यांना. माझाही धीर होत नाही."

मी तिला बसूच दिलं नाही. दुपारच्या गाडीनं आम्ही नाशिकला गेलो. डॉक्टरांनी बाळाच्या पाठीमागे वाटीवर चमचा हलकेच वाजवला. बाळानं गर्रकन मान वळवली. डावीकडून वाजवला, तिकडेही वळलं.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "विमान त्याच्या लेखी घरातलंच झालंय."

बाहेर येऊन ताई रस्त्यातच रडली. समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली, पण तिनं पाव नुसता कुस्करला. "सुटले असं वाटायला हवं ना? पण एवढ्याशा जिवाला ह्याची सवय व्हावी, हेच मला सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे सभा होती. विमानांच्या आवाजावर लक्ष ठेवायला कुणीतरी माणूस नेमा, अशी गावाची जुनी मागणी होती. कारखान्याचे साहेब जीपमधून आले. म्हणाले, "तुमच्यातलाच एक जण निवडा. उड्डाणाची वेळ आदल्या दिवशी त्याला कळवू. त्यानं अडचण सांगितली, तर वेळ बदलू."

झालं, नावांवरून जुंपली.

"ह्याचा पोरगा कारखान्यात हाय, ह्यो काय बोलनार?"

"अन् तुझी म्हैस आटली म्हणून तू रोजच इमानं बंद ठिवशील!"

शेवटी अंजनाबाई नावाची बागाईतदार म्हातारी उठली. "दिवसभर गावात ऱ्हातं कोण? बायाच ना? मंग बाप्या कशाला पाह्यजे? ही नेमा." तिचं बोट ताईकडे होतं.

दाजींचा चेहरा उतरला. ताई बाळाला कडेवर घेऊन उभी राहिली. "साहेब, वेळ बदला म्हटलं तर खरंच बदलाल?"

"शक्य तितकं करू."

"शक्य तितकं नको. हो की नाही, तेवढं सांगा."

सगळी चावडी साहेबांकडे बघत राहिली. "हो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी दाजी जेवले नाहीत. "साहेबांना असं विचारतात का? माझी नोकरी आहे तिथं."

"तुम्ही विचारलं असतंत, तर मी बसून राहिले असते," ताई म्हणाली.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी सायकलवरून पहिला निरोप आला: उद्या सकाळी दहा. ताईनं उलट सांगून पाठवलं, "शाळेत चौथीची तोंडी परीक्षा आहे. बारानंतर उडवा."

सकाळी दाजी मला फाट्यावर सोडायला आले. आम्ही दोघंही पुन्हा पुन्हा आभाळाकडे बघत होतो. दहा वाजून गेले. मला हायसं वाटू लागलं, आणि तेवढ्यात विमान डोक्यावरून गेलं. दाजींनी मान खाली घातली.

मान वर केली तेव्हा डांबरी रस्त्यानं ताई येताना दिसली. बाळ कडेवर, पदर खोचलेला. आमच्याकडे न बघताच ती कारखान्याच्या फाटकाकडे वळली. माझी गाडी येऊन थांबली होती. दाजींनी माझी पिशवी वर चढवली. "तुम्ही जा. मला तिच्याबरोबर गेलं पाहिजे." ते जवळजवळ पळतच निघाले.

परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, पंचवटी पाहिलीस का, काळा राम पाहिलास का? काहीच पाहिलं नव्हतं. खिडकीतून त्या दोघांच्या पाठी दिसल्या होत्या, त्याच डोळ्यांपुढे होत्या.

उन्हाळ्यात दाजी सोलापूरला आले तेव्हा पुढचं कळलं. साहेबांनी आधी त्या दोघांना फाटकाबाहेर बराच वेळ बसवलं, मग आत बोलावून चूक मान्य केली. आता वेळा पाळतात, बहुतेक वेळा. आवाज मात्र तेवढाच आहे.

"आणि तुमची नोकरी?" मी विचारलं.

"आहे की! फक्त आता साहेब मला नावानं हाक मारत नाहीत. 'बाईंचे मिस्टर' म्हणतात," दाजी म्हणाले आणि हसले.

मलाही हसू आलं. पण ते 'बहुतेक वेळा' माझ्या मनातून जात नाही. वर्गात शिकवताना मध्येच वाटतं, आज ताई पुन्हा फाटकाशी जाऊन उभी असेल का?