एस-एन म्हणजे नाक

जाळं कशासाठीही टाका, चार मासे आणि पसाभर कचरा येतो. पावसाळ्यात आम्ही इंग्रजी शिकायला बसलो, तर इंग्रजी आलं चार मासे आणि किस्से आले पसाभर. कचरा फेकता येतो, किस्से कुठे फेकणार!

मी कॉलेज सोडलेला. मालवणात टुरिस्टांना स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क-नळी लावून पाण्यातले मासे बघायला, नेणाऱ्या होडीवर काम करतो. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून होडीवरचे आम्ही तिघं, म्हणजे मी, बस्त्याव आणि सुषमा, जाळी ठेवायच्या खोपीत परुळेकर सरांसमोर बसायचो. सर रिटायर्ड हेडमास्तर. त्यांची पद्धत अशी: रोज दोन अक्षरांची एक जोडी, तिने सुरू होणारे शब्द, आणि अर्थ मराठीत सांगायचा नाही, करून दाखवायचा!

*

एस-एनच्या दिवशी सरांनी फळ्यावर 'स्नोअर' लिहिलं, डोळे मिटले आणि घोरून दाखवलं. इतकं मन लावून की दारातलं कुत्रं उठून गेलं.

"सर, ह्यां आमच्या पप्पांक आधीच येता," बस्त्याव म्हणाला.

मग सर शिंकले: स्नीज. हुंगले: स्निफ. फुरफुरले: स्नॉर्ट. डुकराचं मुस्कट करून दाखवलं: स्नाउट. आणि एकदम थांबले.

"अरे! हे सगळं नाकातच चाललंय की!"

आयुष्यभर पोरांकडून स्पेलिंगं घोकून घेतली, चुकलं की हातावर पट्टी मारली, आणि हे कळलं रिटायर झाल्यावर! मी तोंडावर बोललो. सर म्हणाले, "तू कॉलेज सोडलंस म्हणून तर वेळेवर भेटलास."



*

दुसऱ्या दिवशी बस्त्याव घरून तयारी करून आला.

"सर, स्नेक. सापाक नाक खंय आसा?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो अपवाद."

"स्नो? बर्फाक?"

"तोही अपवाद."

"स्नेल? गोगलगायीक?"

"बस्त्याव, तू बाहेर जा."

मोठ्या माणसांना उत्तर आलं नाही की आधी अपवाद येतो, मग दरवाजा!

*

स्नफ म्हणजे तपकीर. करून दाखवायची म्हणून बस्त्यावने आजोबांची डबी ढापून आणली. सरांनी चिमूट ओढली, आम्हीही ओढली. खोपीत अशा शिंका सुरू झाल्या की फळा भिंतीवरून निसटला. नेमके तेव्हाच आबा दारात!

आबा म्हणजे होडीचे मालक आणि सुषमाचे चुलते. सुषमा आमच्या सगळ्यांपेक्षा भारी पोहते, पण आबांच्या राज्यात तिचं काम काय? मास्क धुवायचे आणि किनाऱ्यावर चहा विकायचा. पाहुण्यांना पाण्यात घेऊन जायचं ते आम्ही, कारण आम्ही मुलगे. अक्कल नसली तरी चालते.

"ह्यां तुमचा इंग्रजी?" आबा म्हणाले.

सुषमा डोळे पुसत उभी राहिली. "आबा, औंदा पावण्यांका पाण्यात मी नेतलंय."

आबा हसले. "बरां. सीझन सुरू झालो काय पयल्यांदा माका शिकवन दाखय. इंग्रजीत. एक मराठी शब्द तोंडातसून इलो, काय परत चाय इकूक जा!"

*

सुषमा पेटली. मासळीबाजारात प्रॅक्टिस. प्रत्येक टोपलीपुढे वाकायची, "आय स्निफ, यू स्निफ, ही स्निफ्स!"

चौथ्या टोपलीला मासेवाली उखडली. "घेवचा आसा तर घे, नायतर तुझा नाक उचल आनि चल!"

*

'स्नॉब' आला तेव्हा सरांनी नुसतं नाक वर केलं आणि आमच्याकडे खाली बघितलं.

"म्हणजे आबा!" बस्त्याव ओरडला.

"उदाहरण बरोबर," सर म्हणाले, "आवाज कमी."

*

सीझन सुरू झाला. पहिल्याच फेरीला पुण्याचे पाहुणे होडीत, आणि आबा मास्क लावून तयार. जन्मभर मासे मारले, पण मास्क कधी लावला नव्हता. "पाण्यात काय बघूचा? माका सगळा म्हायती आसा," हे त्यांचं ठरलेलं.

दोघं पाण्यात उतरली. सुषमाने सुरुवात केली. "आबा, लिसन! नो स्निफ! नो स्नॉर्ट! माउथ ब्रीद! नोज स्लीप!"

आबांनी डोकं खाली घातलं आणि सवयीने नाकाने श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला चिकटला, नळी सुटली, आणि खोकत, थुंकत वर आले. "माका मारतंस काय गो?"

सुषमाच्या तोंडावर मराठी आलेली मला दिसली. बस्त्यावने क्रूस केला. सुषमाने ती गिळली. हात पुढे केला आणि पाहुण्यांदेखत आबांचं नाक मास्कवरून चिमटीत धरलं!

"नोज. स्लीप!"

आबांच्या नाकाला हात लावायची आजवर त्यांच्या बायकोचीही हिंमत नाही. पण आबांनी मुकाट्याने नळी तोंडात घेतली आणि परत खाली गेले.

आणि वर येईनात. नुसती नळी आणि पाठ. हालचाल नाही.

"काका ठीक आहेत ना?" एका बाईंनी विचारलं.

सुषमाने घाबरून त्यांचा खांदा हलवला. आबांनी डोकं काढलं, नळी थुंकली. "हात लावू नको गो! किती मासे आसत हय!" आणि परत खाली.

पाहुणे मास्क लावून ताटकळत बसलेले. शेवटी मीच ओरडलो, "आबा, वर येवा! पावण्यांची पाळी आसा!"

आबांनी कसंबसं तोंड वर केलं.

"सुषमाक सांग त्यांका घेवन जावक! माका वेळ नाय!"