बरणीतला समुद्र

माझ्या थोरल्या बहिणीच्या हातून दोन मुके जीव मेले, असे मी एकदा चार प्रतिष्ठित माणसांसमोर सांगितले. ते खरे नव्हते. ते जीव मी मारले होते आणि सांगताना मला ते पुरते ठाऊक होते. आयुष्याचा निम्मा भाग मी ही गोष्ट झाकून ठेवली, आणि त्या काळात लोक मला सज्जन म्हणत राहिले.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. बुलढाण्यात मी प्राणिशास्त्र शिकवत असे आणि आपल्यासारखा माणूस या गावात चुकून जन्मला, अशी माझी समजूत होती. घरीसुद्धा मी पुस्तकी मराठी बोले. विद्यार्थ्यांची सहल घेऊन कोकणात गेलो, तेव्हा परतताना दोन सी-अर्चिन आणले. हा खडकाला चिकटून राहणारा काटेरी गोळा. समुद्र न पाहिलेल्याला धोत्र्याचे बोंड म्हटले की चित्र पुरते. सोबत समुद्राचे पाणी बुधल्यांत भरून आणले. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत वाळू, शिंपले आणि ते दोन जीव घालून बरणी मी बैठकीत ठेवली. अभ्यासाचा प्राणी प्रयोगशाळेत ठेवतात. बैठकीत ठेवतात तो पाहुण्यांसाठी.

शेजारचे कापडवाले काका पहिल्याच दिवशी आले.

“मास्तर, धोतऱ्याचं बोंड पाण्यात काऊन ठेवलं?”

“हा प्राणी आहे. याचे तोंड खालच्या बाजूला असते.”

“आन् बुड वर?”

“होय.”

“हे पाहाले तुम्ही समुद्रावर गेलते? आपल्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी असे दोघं-तिघं गटाराजवळ पडून राह्यते.”

मी त्यांना अडाणी समजलो. मला तेव्हा बरेच लोक अडाणी वाटत.

माझे लग्न व्हायचे होते. घर बहीण सांभाळत होती. तिला मी बाई म्हणतो. ती देऊळघाटला दिलेली, तरुणपणीच विधवा होऊन माझ्याकडे आलेली. तरी देऊळघाटचे मळेवाले मिरचीच्या लावणीला तिला न्यायला येत. पहिले रोप बाईनेच लावायचे, मग बाकीच्यांनी वाफ्यात उतरायचे. बाईच्या हाताले गुण आहे, असे ते म्हणत. तिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते.

अर्चिनवर व्याख्यान मी देत असे, काम ती करीत असे. पालकाचे पान उकळत्या पाण्यातून काढून निववायचे, तळाशी राहावे म्हणून त्यावर खडा ठेवायचा. सकाळी उरलेला पाला आणि विष्ठा वेचून काढायची. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तांब्याने पाणी उचलून उंचावरून हळूहळू सोडायचे. ऊन तापू लागले तेव्हा तिने बरणीभोवती ओले फडके गुंडाळले. ते मी सांगितले नव्हते. अर्चिन पानावर चढून बसत आणि उतरत तेव्हा पानाची जाळी झालेली असे. एकदा त्यांतल्या एकाने शिंपला आणि पाल्याचा तुकडा उचलून डोक्यावर घेतला.

“पाहा भाऊ, पदर घेतला त्यानं. पाहुणे आले म्हून.”

“पदर नव्हे. उजेडापासून तो स्वतःला झाकतो.”

“मंग पदर दुसरा कशासाठी असते?”

हे मी पुढे वर्गात स्वतःचे म्हणून सांगितले. टाळ्या मिळाल्या.

फाल्गुनात बरणीतले पाणी खाली गेले. समुद्राचे पाणी आटते तेव्हा पाणीच उडते, मीठ मागे राहते. म्हणून वरून साधे गोडे पाणी घालावे, इतके मला कळत होते. परंतु रविवारी प्राचार्य आणि तीन सहकारी चहाला यायचे होते आणि त्यांच्यासाठी मी एक वाक्य तयार केले होते: ‘कोकणचा समुद्र आटला, तर आपल्या जिल्ह्याचा समुद्र आहेच.’ त्या वाक्यासाठी मी एसटीने सुलतानपूरवरून लोणारला गेलो आणि सरोवराचे पाणी बुधल्यात भरले. ते पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागले. त्यात समुद्राचे मीठ नव्हे, धुण्याच्या सोड्यासारखा खार असतो, हे मी मुलांना शिकवले होते. काठावर उभा असताना एकही मासा दिसला नाही. हे सारे ध्यानात घेऊन मी बूच लावले. वाक्य फार सुरेख होते.

रविवारी सकाळी बाई बाजारात गेली असता मी ते पाणी बरणीत ओतले. दुपारपर्यंत काटे तुडवलेल्या गवतासारखे आडवे झाले. मग गळून वाळूवर पडू लागले. पाणी गढुळले. तेवढ्यात मंडळी आली.

“काय झाले हे?” एकाने विचारले.

“बाईंनी मसाल्याच्या हातांनी पाला टाकला,” मी म्हणालो. “किती वेळा बजावले होते.”

प्राचार्य चहा ढवळत म्हणाले, “अडाण्याच्या हाती शास्त्र दिले की असेच व्हायचे.”

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य तेवढे बोलायचे राहून गेले.

बाई चिवड्याच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिने बशा ठेवल्या आणि तळहात पाहिले.

“धुतले होते रे मी,” ती म्हणाली.

“नीट धुवायचे,” मी म्हणालो.

मृगात देऊळघाटचे लोक आले, तेव्हा तिने त्यांना ओसरीवरूनच परत पाठवले. “माह्या हाताले गुण नाही राह्यला. मुके जीव मेले.” पुढच्या वर्षीही ते आले, नंतर येईनासे झाले. माझी मुले तिने न्हाऊ-माखू घातली, पण बाळघुटी एकालाही पाजली नाही. माझ्या पत्नीला तो तिचा हट्ट वाटे. मी पलीकडे वर्तमानपत्र वाचत असे. इतक्या जुन्या गोष्टीने आता तिला काय होणार, असे मी स्वतःला समजावी. माझी अब्रू मात्र मला जुनी वाटत नसे.

परवा सुनेने नातीसाठी सहाण आणि घुटीचा बटवा तिच्यापुढे ठेवला.

“आत्याबाई, आज तुम्ही द्या.”

“नाही व पोरी. माह्या हातानं जीव जाते. तुह्या सासूले सांग.”

भाकरी करपली म्हणावे तशा साध्या स्वरात ती हे म्हणाली. सुनेने माझ्याकडे पाहिले. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, मुलगा दारात होता. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“बाई, त्या बरणीत पाणी म्या टाकलं होतं. लोणारचं. तुह्या हाताचा काही कसूर नव्हता. मले तवाच माहीत होतं. चार लोकायसमोर मी खोटं बोललो, आन् आजपर्यंत चूप बसलो. मले माफ कर.”