कापसावर मांडलेला सिनेमा

आमच्या यवतमाळच्या घरात जेवताना दोन विषय काढायला बंदी आहे : कापूस आणि प्रोजेक्टर. प्रोजेक्टरचं एकवेळ जमतं. पण यवतमाळात राहून कापसाबद्दल बोलायचं नाही म्हणजे माणसानं नुसतं 'वरण वाढा, भात वाढा' एवढंच बोलायचं. गेली कित्येक वर्षं आम्ही तेवढंच बोलतो.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, हे वाचकांनी (आणि माझ्या विद्यार्थ्यांनी) कृपया शेवटपर्यंत विसरावं.

माझे बाबा तहसील कचेरीतून बडेबाबू म्हणून निवृत्त झालेले. मुकुटबनकडे आमचं थोडं शेत, बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलेलं. दर हिवाळ्यात आमच्या वाट्याचा कापूस मेटाडोरनं घरी यायचा आणि दर हिवाळ्यात बाबा तो चुकीच्या वेळी विकायचे. ताईचं लग्न निघालं, विकला. माझी अ‍ॅडमिशन निघाली, विकला. आईचं ऑपरेशन निघालं, विकला. आणि विकला रे विकला की भाव चढलाच! ते दिवसच कापसाचे वाईट होते, गावोगावी माणसं खचून गेली होती. आमचं पोट पगार-पेन्शनवर चालायचं, म्हणून आमच्या घरी तो फक्त बाबांच्या मानाचा प्रश्न होता. पण होता.

त्या वर्षी घरात कुणाचंच काही निघालं नव्हतं. बाबांनी हॉलमधला सोफा व्हरांड्यात काढला, दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत खांद्याइतका कापूस भरला आणि जाहीर केलं, "यंदा मी बसून राहीन. भाव आल्याशिवाय एक पुंजका हलणार नाही. जिंदगीत एक डाव तरी त्या व्यापाऱ्याले माह्या दारात उभं करीन!"

आणि नेमकं त्याच वर्षी मला होम थिएटर सुचलं.

नागपुरात एका मित्राकडे मी भिंतभर सिनेमा पाहिला होता. हीरोच्या दाढीचा केसन् केस वेगळा दिसत होता! घरी येऊन मी हाय डेफिनिशन प्रोजेक्टरचा असा काही अभ्यास आरंभला, की तेवढा पीएचडीचा केला असता तर आज प्राचार्य असतो. उजेड किती, काळा रंग किती काळा, दिव्याचं आयुष्य किती, भिंतीपासून अंतर किती! माझी बायको वैशाली वणीची. त्या बाजूची माणसं सरळ बोलतात. ती म्हणाली, "आधी तो मिक्सर दुरुस्त करून आणा."

मी नागपूरच्या दुकानात फोन लावला.

"सर, रूम की लंबाई कितनी है?"

"अभी की, या कापूस बिकने के बाद की?"

"सर, लंबाई तो फिक्स रहती है ना?"

"हमारे यहाँ भाव पे रहती है।"

 पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, आप आराम से नाप के बताइए."

आत टेप धरायला जागा नव्हती. म्हणून मी हॉल बाहेरून, व्हरांड्यातून मोजला. आकडा अगदी अचूक आला! त्या आकड्याला साजेसा प्रोजेक्टर मी निवडला, आणला, पेढेसुद्धा वाटले. मध्ये कापूस आहे, एवढंच धरायचं राहिलं. काय करणार, इतके दिवस तो घरात होता की कपाटासारखा दिसेनासाच झाला होता.

रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून पहिला खेळ ठेवला. दारात स्टुलावर प्रोजेक्टर मांडला, बटण दाबलं, आणि सिनेमा थेट कापसाच्या ढिगावर पडला. हीरोइनचं नाक फुगलं, हीरोला पांढरीशुभ्र दाढी आली.

"काहो, हा पोरगा इतका म्हातारा काहून दिसून राह्यला?" आईनं बाबांना विचारलं.

"उतरवून कायले ठेवलं बे?" बाबा मला म्हणाले. "वरची भिंत तं मोकळी आहे. ठेव कापसावर!"

मी ढिगावर एक पाट ठेवला, पाटावर प्रोजेक्टर. आता चित्र समोरच्या भिंतीच्या वरच्या भागावर झकास पडलं. पण ते बघायला आम्हालाही वर चढावं लागलं. आई पदर खोचून चढली. बाबा चढले. वैशाली गॅसवर दूध ठेवून 'पाचच मिनिटं बघते' म्हणत चढली. सगळे कापसात कमरेपर्यंत रुतून, अंग खाजवत सिनेमा बघू लागलो. बाबा तर लहान पोरासारखे खूश! "टॉकीज फिकी पडली बे याच्यापुढे!" म्हणाले. माझ्या अभ्यासाचं बाबांनी केलेलं हे शेवटचं कौतुक.

कारण पाट हळूहळू मागून खचायला लागला. चित्र भिंतीवरून वर सरकत छतावर गेलं. बाबांनी तक्रार केली नाही, ते सरळ उताणे झोपून बघायला लागले. तेवढ्यात आई म्हणाली, "काहीतरी करपून राह्यलं."

मी प्रोजेक्टरला हात लावला. तापलेला! खाली कापूस! मी "आग! आग!" असं ओरडलो, आधी प्रोजेक्टर उचलून वैशालीच्या हाती दिला (घाईत माणूस काय वाचवतो, त्यावरून त्याची किंमत कळते), आणि व्हरांड्यातल्या ड्रममधून बादली भरभरून ढिगावर ओतायला लागलो.

"अबे थांब! थांब बे! कुठं आहे आग?" बाबा ओरडत होते.

मी थांबलो नाही. विज्ञानाचा माणूस पुरावा मिळेपर्यंत थांबत नाही. ड्रम रिकामा झाला तेव्हा थांबलो. वास अजून येतच होता. वैशाली प्रोजेक्टर काखेत घेऊन स्वयंपाकघरात धावली आणि तिथूनच म्हणाली, "दूध जळलं हो!"

 बाबांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि काढला. कापूस खालपर्यंत चिंब होता. ओला कापूस घरात ठेवता येत नाही, तो पिवळा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मेटाडोर दारात आला. मीही सोबत गेलो. व्यापाऱ्यानं मूठभर कापूस काढला, पिळला आणि विचारलं, "बडेबाबू, कापूस आणला का धुणं?"

बाबांनी तो म्हणेल त्या भावात देऊन टाकला. मी वाट बघत होतो, मला कधी शिव्या देतात. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून ते एवढंच म्हणाले, "चला, तुह्या थेटराले जागा झाली."

आठवड्यानं त्यांनीच सोफा आत घ्यायला लावला. "लाव ते यंत्र. नाराजीनं काय कापूस वाळते का?"

मी लावलं. या वेळी अंतर बरोबर, उजेड बरोबर, चित्र भिंतभर. केबलवर बातम्या चालू होत्या. खालच्या पट्टीत दारातल्या रांगोळीएवढी मोठी अक्षरं सरकत आली : कापसाच्या भावात मोठी उसळी. गेली. पुन्हा आली. मला रिमोट सापडेना. पट्टी तिसऱ्यांदा आली तेव्हा बाबांनी चष्मा काढला, बारीक डोळे करून सगळी वाचली आणि म्हणाले,

"अक्षर मात्र साफ दिसते बे. चष्माही नाही लागला."

शरमेनं तोंड खुपसायला मी कोपऱ्याकडे वळलो. गेल्या रविवारपर्यंत तिथं हवा तेवढा कापूस होता!