लाकूड बिघडलेली बाई

शिक्रापूरच्या चौकापासून जरा आत, एका टायरच्या दुकानाच्या वर सुया टोचणाऱ्या एका मॅडमचा दवाखाना होता. दोन खोल्या, मधे हिरवा पडदा, भिंतीवर चिनी अक्षरांचा एक तक्ता. खाली ट्रकची चाकं काढायला लागले की वरच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मला तिथं माझी थोरली नणंद घेऊन गेली. ती शिक्रापुरात राहते, आम्ही न्हावऱ्याला. माझी जायची अजिबात इच्छा नव्हती.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची. रांजणगावच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी तपासायच्या लाइनवर उभी राहायची. दोन वर्षं झाली होती, पाळी आली की आठ-नऊ दिवस थांबायची नाही. डब्याच्या पिशवीत जादा कपडे ठेवायची आणि कंपनीच्या बसमधून उतरताना आधी सीटकडे बघायची. पाळीच्या आधी चार दिवस अर्धं डोकं ठणकायचं आणि छातीला हात लावू द्यायची सोय नसायची. त्या दिवसांत माझा आवाज चढायचा, हे खरं आहे. पण तो नुसता दुखण्यानं चढत नव्हता.

मुलगी बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. आणि वन्संनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं, वडगाव रासाईचं, नदीकाठचा ऊस, दोन ट्रॅक्टर. पोरीला जानेवारीत अठरा पूर्ण झाली आणि फेब्रुवारीत हे स्थळ दारात. मी पहिल्याच दिवशी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा हातातला तांब्या आपटला.

वन्सं माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला राग आवरत न्हाई रं. हिच्या अंगातच कायतरी बिघाड हाय. माझ्या वळखीच्या एक मॅडम हायेत, सुया टोचत्यात. घिऊन जाते."

नवरा म्हणाला, "जा की. बरं वाटंल."

म्हणून गेले. मॅडम पुण्याच्या, चाळिशीच्या आतल्या, केस कापलेले. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली. जीभ बाहेर काढायला लावली. पाळी किती दिवस, गाठी पडतात का, बरगडीखाली दुखतं का, डोळे कोरडे होतात का, असं सगळं विचारलं. अर्धी उत्तरं वन्संनीच दिली. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

मग मॅडमनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. चिनी वैद्यकात पाच तत्त्वं मानतात, म्हणाल्या. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. "तुमचं लाकूड तत्त्व बिघडलंय, ताई. लाकूड म्हणजे यकृत. त्याचा स्वभाव झाडासारखा, त्याला वर आणि बाहेर वाढायचं असतं. वाट अडली की राग साचतो, डोकं दुखतं. आणि रक्त साठवायचं काम यकृताचं, असं हे शास्त्र मानतं. म्हणून बायकांच्या पाळीचा संबंध आधी लाकडाशी लावतात."

मी ऐकत होते. वाट अडली की राग साचतो, एवढं मला पटलंही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला राग कुणाचा येतो?"

वन्संचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणाले, "कुणाचा न्हाई."

पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात एक-एक सुई, हातावर दोन, कपाळावर एक. वीस मिनिटं पडून राहायचं. मी छताकडे बघत वन्संना मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या महिन्यात डोकं कमी दुखलं. हे सांगितलं नाही तर मी खोटारडी ठरेन. रक्त मात्र तसंच जात राहिलं.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. वन्संनी सगळ्यांना सांगून टाकलं की हिचं लाकूड बिघडलंय. माझ्या सासूबाईंना हा शब्द भारी आवडला. भाजीत मीठ जास्त झालं तरी लाकूड, मी कामावरून येऊन पडून राहिले तरी लाकूड. एकदा जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "त्या लोकांना बघायला बोलावताय, पोरीला विचारलं का?" तो भाकरी मोडत म्हणाला, "आज तुझं लाकूड लई वर आलंय." सासूबाई हसल्या. मुलगी ताटावरून उठून गेली. त्या दिवसापासून मी काहीही बोलले तरी ते दुखणंच ठरायचं. नाही म्हणायचा माझा हक्क त्यांनी एका शब्दात काढून घेतला होता, आणि तो शब्द चीनमधून आला होता.

पाच वेळा सुया टोचून घेतल्या. पाचही वेळा वन्सं शेजारी.

पाहुणे रविवारी बघायला येणार होते. शुक्रवारी सकाळी मी लाइनवर उभी असताना समोरच्या वायरींचे रंग पुसट व्हायला लागले. लाल कुठली, तपकिरी कुठली, कळेना. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा कंपनीच्या गाडीत होते आणि सीट भिजलेली होती. दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सहा. तिथला डॉक्टर माझ्या नवऱ्यावर ओरडला, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" नवरा म्हणाला, "ट्रीटमेंट चालू होती."

संध्याकाळपर्यंत दौंडहून माझा भाऊ आला. त्यानं कुणाला विचारलं नाही, गाडीत घातलं आणि माहेरी नेलं. दौंडला सोनोग्राफी केली. गर्भाशयात मोसंबीएवढी गाठ. तीन बाटल्या रक्त चढवलं, मग ऑपरेशन, पिशवीसकट. रविवारचे पाहुणे अर्थातच आले नाहीत. मुलगी माझ्याजवळ राहिली. माझ्या उशाशी बसून तिनं मोबाइलवर नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला आणि पालकाच्या जागी मामाची सही घेतली.

वन्सं चौथ्या दिवशी आल्या, शहाळं घेऊन. खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "झालं एकदाचं. आता राग पन कमी हुईल. पाहुणं म्हणत्यात, महिनाभर थांबतो."

मी म्हणाले, "वन्सं, पिशवी काढलीय. जीभ अजून जाग्यावर हाय."

त्या शहाळं ठेवून गेल्या. मी ते शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिलं.

टाके सुकल्यावर, दीड महिन्यानं, मी एकटी एसटीनं शिक्रापूरला गेले. मला त्या मॅडमला तोंडावर बोलायचं होतं. वाटेत वाक्यं जुळवत होते. जिना चढताना धाप लागली तरी थांबले नाही. त्या एकट्याच होत्या. मी फाइल टेबलावर टाकली.

"हे बघा तुमचं लाकूड. मोसंबीएवढी गाठ. मी मरता मरता वाचले."

त्यांनी फाइल वाचली. मग मान वर करून म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ताई. इतका रक्तस्राव असेल तर आधी सोनोग्राफी आणि रक्त तपासून घ्या. चिठ्ठीवर लिहून दिलं. पुढच्या वेळी तुम्ही आत पडून होता तेव्हा विचारलं तर तुमच्या नणंदबाई म्हणाल्या, केलं सगळं, नॉर्मल आहे."

"मला कुणी कायबी सांगितलं न्हाई."

"तुम्ही आत चप्पल घालत होता. चिठ्ठी मी त्यांच्याकडे दिली."

वाटेत जुळवलेलं सगळं पार विसरले. पण एक गोष्ट सुचली आणि ती मी विचारली. "पेशंट मी होते. चिठ्ठी माझ्या हातात का न्हाई दिली?"

त्यांनी फाइल मिटली.

"आन् नॉर्मल हाय म्हणल्यावर रिपोर्ट बघायला मागितला का?"

"नाही मागितला," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

मला त्यांच्या कबुलीनं काही बरं वाटलं नाही. फाइल उचलली आणि खाली उतरले.

वन्संचं घर तिथून दहा मिनिटांवर. त्या शेंगा निवडत होत्या. मी दारातूनच विचारलं, "चिठ्ठी कुठं हाय?"

त्यांनी कसली चिठ्ठी असं विचारलं नाही, एवढं मी आजही विसरलेले नाही. "दिली असती तर तू दवाखान्यात लोळत बसली असतीस," त्या म्हणाल्या. "पाहुणं आलं असतं का मग? दोन वरसं चाललंवतं तुझं, अजून महिन्यानं काय व्हनार हुतं?"

"महिन्यानं मी मरनार हुते, वन्सं."

"मेली न्हाईस ना?"

मी त्यांच्या सुपातल्या शेंगा अंगणात उधळल्या. त्या वयानं मोठ्या, शेजारणी दारात आलेल्या, तरी उधळल्या. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मोबाइल हातात फिरवत म्हणाला, "जाऊ दे आता. तुझी तब्येत बरी झाली ना." मी म्हणाले, "तुम्ही फोन लावा, न्हाईतर मी लावते." त्यानं लावला. वडगावच्या लोकांना पोरगी शिकणार आहे म्हणून सांगितलं. बहिणीला मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

मुलगी आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी पुन्हा लाइनवर जाते. रंग नीट दिसतात. वन्सं दिवाळीला भावाकडे येतात तेव्हा मी आदल्या दिवशीच दौंडला जाते. नवरा दर वर्षी म्हणतो, किती दिवस धरून ठेवणार. मी पिशवी भरता भरता त्याला एसटीची वेळ विचारते.